सुटका केलेला साप घरात का राहतो?

पत्राचा सारांश: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून 32 वर्षांच्या एका भगिनीने हे पत्र पाठवले आहे. त्यांचे यजमान कारखान्यात नोकरी करतात आणि फावल्या वेळात पंचक्रोशीतल्या घरांत निघालेले साप पकडून देतात. त्याबद्दल ते कोणाकडून एक पैसाही घेत नाहीत आणि गावात त्यांना मान आहे. पूर्वी पकडलेला साप त्याच दिवशी रानात सोडला जाई. अलीकडे मात्र काही साप घरी मुक्कामाला राहू लागले आहेत. सध्या माडीवरच्या खोलीत प्लास्टिकच्या बरण्यांत एक नाग आणि एक घोणस आहे. घरात तीन वर्षांची मुलगी आहे आणि सासूबाई आहेत. यजमानांचे म्हणणे असे, की नाग त्यांना ओळखतो, त्याचे दात काढलेले आहेत, मागे एकदा साप चावूनही त्यांना काही झाले नाही आणि बाहेर सोडला तर लोक त्याला ठेचून मारतील. सासूबाई बरणीपुढे दुधाची वाटी ठेवतात. नागाने बरेच दिवस काही खाल्लेले नाही. पत्रलेखिका विचारतात, "मी उगाच घाबरते आहे का? वनखात्याला कळवले तर नवऱ्याचा घात केल्यासारखे होईल. त्यांचा छंद मला मोडायचा नाही. साप घरी सुरक्षितपणे ठेवण्याची काही रीत असेल तर ती सांगा."

ताई,

तुमच्या शेवटच्या ओळीचे उत्तर आधी देते, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. विषारी साप राहत्या घरात सुरक्षितपणे ठेवण्याची रीत नाही. पुण्याच्या कात्रजसारख्या प्राणिसंग्रहालयात नाग ठेवतात, पण तिथे कुलूपबंद दालने असतात, प्रशिक्षित कर्मचारी असतात, पशुवैद्य असतो आणि अपघात झालाच तर काय करायचे हे आधी ठरलेले असते. ज्या घरात रात्री लहान मूल उठते, वीज जाते, पाहुणे येतात आणि कोणाच्या तरी हातून झाकण सैल राहते, तिथे यांतले काहीच टिकत नाही. तेव्हा बरणीऐवजी काचेची पेटी आणावी का, या चर्चेत मी शिरत नाही.

आता तुमच्या भीतीबद्दल. पत्रात तुम्ही ती तीनदा बोलून दाखवली आहे आणि तिन्ही वेळा तिच्याबद्दल क्षमा मागितली आहे. साप पकडणारा तो धीट आणि घाबरणारी ती अडाणी, अशी वाटणी तुमच्या घरात झालेली दिसते. ती तुम्हीही मान्य करून टाकली आहे, आणि मला पहिली हरकत तिथेच आहे. यजमानांनी दिलेली चार कारणे एकेक करून तपासली, तर त्यांतली तीन सापाविषयीच्या चुकीच्या समजुतीवर उभी आहेत. चौथे मात्र खरे आहे आणि त्याचा विचार आदरानेच करायला हवा.

"नाग मला ओळखतो" हे पहिले. साप जिभेने हवेतले आणि जमिनीवरचे गंधकण टिपतो आणि टाळूतल्या एका खास इंद्रियाने ते ओळखतो. तेव्हा रोजच्या हाताळणीला, रोजच्या वासाला तो सरावतो हे शक्य आहे. पण सरावणे म्हणजे जीव लावणे नव्हे. कुत्रा माणसाळला तो हजारो वर्षांच्या सहवासातून आणि पिढ्यानपिढ्यांच्या निवडीतून. माडीवरचा नाग काही दिवसांपूर्वी शेताच्या बांधावर उंदरामागे फिरत होता. तो आता फणा काढत नाही, फुत्कारत नाही, हे यजमानांना विश्वासाचे लक्षण वाटते. पशुवैद्य म्हणून मला त्यात वेगळी शंका येते. अंगात पाणी कमी झालेला, उपाशी किंवा आजारी सापही असाच गप्प पडून राहतो. फणा काढणे ही नागाची माणसाला दिलेली सूचना असते. ती देण्याचे बळ त्याच्यात उरले नाही, म्हणून चावण्याचेही उरले नाही असे समजणे धोक्याचे आहे.

"दात काढले आहेत" हे दुसरे, आणि यावर मला जरा कठोर लिहावे लागेल. नागाच्या विषदंतामागे नव्या दातांचे कोंब रांगेने तयारच असतात. पुढचा दात मोडला किंवा उपटला, की काही आठवड्यांत मागचा त्याची जागा घेतो. विषाची ग्रंथी तर जागच्या जागी असतेच. म्हणजे ज्या नागाला आज बिनविषारी समजून हाताळले जाते, तो पुढच्या महिन्यात पूर्ण सज्ज असू शकतो आणि ही बातमी तो कोणाला देत नाही. शिवाय पकडीने दात उपटताना जबडा फाटतो, जखमेत पू होतो आणि तोंड सुजल्याने सापाला भक्ष्य गिळता येत नाही. तुमच्या नागाने बरेच दिवस काही खाल्लेले नाही, याचे कारण कदाचित इथेच असेल. पूर्वी गारुडी हेच करत, आणि त्यांच्या टोपलीतले नाग फार काळ जगत नसत.

"चावला तरी काही झाले नाही" हे तिसरे. विषारी साप दर चाव्यात विष सोडतोच असे नाही. कधी तो नुसता दात मारतो आणि त्याला कोरडा चावा म्हणतात. यजमान त्या दिवशी वाचले ते योगायोगाने, अंगी काही शक्ती आली म्हणून नव्हे. उलट वारंवार विषाचा संपर्क येणाऱ्या माणसांच्या शरीरात कधी कधी विषाची तीव्र ॲलर्जी तयार होते. मग पुढच्या चाव्याला विषाचा परिणाम सुरू होण्याआधीच रक्तदाब कोसळून श्वास अडकू शकतो. आधी एकदा प्रतिसर्पविष टोचून घेतलेल्यांनाही ते पुन्हा देताना डॉक्टरांना जास्त सावध राहावे लागते. ते औषध घोड्याच्या रक्तापासून बनते आणि काहींचे शरीर त्याच्याविरुद्ध उठते. साप हाताळण्याचा अनुभव जितका जुना, तितकी ही जोखीम वाढत जाते. जुन्या सर्पमित्रांना हे सांगितले की ते हसतात.

आता त्या दोन सापांकडेच वळू, कारण तुमच्या पत्रात त्यांच्या हालांबद्दल एकच ओळ आहे, ती म्हणजे नाग जेवत नसल्याची. सापाचे रक्त आपल्यासारखे स्वतःहून गरम राहत नाही. ऊन-सावली, बीळ-बांध अशी जागा बदलत तो अंगाचे तापमान सांभाळतो. पचन, कात टाकणे आणि रोगाशी झुंजणे हे सगळे त्या तापमानावर चालते. बरणीत त्याला बदलायला जागाच नाही. दुपारी माडीवरच्या पत्र्याखाली बरणी तापते आणि पहाटे गार पडते, आणि दोन्ही वेळा तो आहे तिथेच असतो. ओलावा कमी पडला की कात तुकड्यातुकड्याने निघते आणि डोळ्यांवर तिचे थर साचतात. विष्ठेत पडून राहिल्याने पोटाखालच्या खवल्यांना फोड येतात. प्लास्टिकवर नाक घासून घासून ते सोलवटते. यांतले काहीही झाले तरी साप विव्हळत नाही, म्हणून पाहणाऱ्याला तो मजेत वाटतो.

नागाला अंडी आणि कोंबडीचे तुकडे देतात, असे तुम्ही लिहिता. रानातला नाग उंदीर, बेडूक आणि प्रसंगी दुसरे सापही खातो, आणि ते अख्खे गिळतो. हाडे, आतडी यांच्यासह मिळणारे पोषण नुसत्या मांसाच्या तुकड्यात नसते. काही जण मग नळीने बळेच भरवतात. कृपा करून यजमानांना ते करू देऊ नका. अन्न श्वासनलिकेत गेले तर साप मरतो आणि भरवणाऱ्याचे बोट दातापासून इंचभर अंतरावर असते. सासूबाईंच्या दुधाबद्दल एवढेच सांगा, की दूध हे सापाचे अन्नच नाही. तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल ते द्रव पितो, पण दूध त्याला पचत नाही. त्यांच्या श्रद्धेला धक्का न लावता हे सांगता येते. नागाच्या मूर्तीची किंवा चित्राची पूजा ही आपल्याकडे जुनीच रीत आहे. जिवंत नागांच्या पूजेसाठी प्रसिद्ध असलेल्या बत्तीस शिराळ्यातही न्यायालयाच्या आदेशानंतर त्या प्रथेवर निर्बंध आले.

घोणशीबद्दल एक गोष्ट तुमच्या घरात कोणाच्या लक्षात आली नसावी. घोणस अंडी घालत नाही, पिल्ले देते, आणि एका वेळी वीस ते चाळीस, कधी त्याहून जास्त. आपल्याकडे ही पिल्ले बहुधा पावसाळ्याच्या तोंडाला जन्मतात. ती जेमतेम वीतभर असतात, पण पहिल्या दिवसापासून त्यांना विष असते. बरणीतली घोणस मादी आहे का आणि गाभण आहे का, हे यजमानांनी पाहिले आहे का, एवढे त्यांना जरूर विचारा.

मुलीच्या बाबतीत चाव्याइतकाच दुसरा एक धोका आहे, आणि तो रोजचा आहे. साप, कासव, सरडे यांच्या विष्ठेत आणि कातडीवर साल्मोनेला नावाचे जिवाणू बहुधा असतात. प्राणी निरोगी दिसत असला तरीही असतात. पाच वर्षांखालच्या मुलांना आणि वृद्धांना त्यांच्यामुळे तीव्र जुलाब, ताप आणि क्वचित रक्तातला संसर्गही होतो. बरण्या ज्या मोरीत धुतल्या जातात तिथेच जेवणाची भांडी घासली जात असतील, तर तुमच्या भीतीला आणखी पुरावा शोधायची गरज नाही.

आता यजमानांचे चौथे कारण, "सोडला तर लोक मारतील." हे खरे आहे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. ती बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी माणसे होती. ज्या वस्तीने असे मरण पाहिले आहे, ती साप दिसताच काठी उचलणार, आणि तिला दूषणे देऊन भागत नाही. तुमच्या यजमानांसारखी माणसे काठीच्या आधी पोहोचतात, म्हणून दोन्हीकडचे जीव वाचतात. या कामाचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु ते काम साप पिशवीत शिरल्यावर संपत नाही. तो जिथे सापडला त्याच परिसरात, वस्तीपासून थोड्या अंतरावरच्या योग्य जागी, शक्य तितक्या लवकर सोडला तरच ते पुरे होते. दूरच्या जंगलात नेऊन सोडलेला साप अनोळखी मुलखात बिळासाठी आणि भक्ष्यासाठी भटकत राहतो, आणि त्या भटकंतीतच अनेकदा मरतो. लोक मारतील या भीतीने त्याला बरणीत ठेवणे म्हणजे त्याचे मरण फक्त लांबवणे आहे. लोकांनी मारू नये म्हणून जे करायचे, ते लोकांमध्ये जाऊन करावे लागते.

कायदा काय म्हणतो, हे तुम्हाला नीट माहीत असले पाहिजे. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार परवानगीशिवाय वन्यप्राणी पकडणे हीच शिकार ठरते, आणि असा प्राणी सरकारच्या मालकीचा असतो. तो कोणत्याही कारणाने आपल्या ताब्यात आला तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवावे लागते. 2022 च्या दुरुस्तीनंतर नाग आणि घोणस पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आले. त्या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड आहे. वनखात्याचे ओळखपत्र असले तरी त्याने साप पाळण्याची मुभा मिळत नाही. हे यजमानांना धमकी म्हणून ऐकवू नका. कारखान्यातली नोकरी, गावातला मान आणि साप वाचवण्याचे काम या तिन्ही गोष्टी एका बरणीपायी जाऊ शकतात, इतकेच त्यांना दाखवून द्या. सापासोबतची चित्रफीत कोणी मोबाइलवर टाकली की तीच पुढे पुरावा ठरते.

वनखात्याला कळवणे म्हणजे नवऱ्याचा घात, हे समीकरण मला पटत नाही. पण कळवणे ही पहिली पायरी असावी असेही मी म्हणत नाही. पहिली पायरी बोलण्याची आहे. मुलगी झोपल्यावर, सासूबाई आणि मित्रमंडळी जवळ नसताना बोला. "मला भीती वाटते" या वाक्याने सुरुवात करू नका, कारण त्याचे उत्तर त्यांच्याकडे तयार आहे. "नाग का खात नाही?" इथून सुरू करा. ज्याला सापांविषयी आस्था आहे त्याला हा प्रश्न टाळता येत नाही, आणि त्यातून दात, तोंडाची जखम, बरणी हे विषय आपोआप निघतात. पूर्वी ते त्याच दिवशी साप सोडत असत, ही तुमची सर्वांत जमेची बाजू आहे. त्यांनी काही नवे शिकायचे नाही, आपल्याच जुन्या शिस्तीकडे परत जायचे आहे. हा बदल कधी आणि कशाने झाला, हेही विचारा. पुष्कळदा बाहेरची वाहवा वाढते तसे साप घरात येऊ लागतात, कारण रानात सोडलेला साप पाहायला कोणी येत नाही.

त्यांना पटले, तर साप त्यांनी परस्पर रानात सोडू नयेत. ज्याच्या तोंडाला जखम असण्याची शक्यता आहे आणि ज्याने अनेक दिवस खाल्लेले नाही, त्या नागाला उपचारांची गरज आहे. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांशी बोलून साप त्यांच्या ताब्यात द्यावेत. जाण्याआधी एखाद्या वकिलाशी चार शब्द बोलून घ्या. स्वतःहून गेले म्हणजे कारवाई होणारच नाही, असे आश्वासन मला देता येणार नाही. मात्र स्वतः जाऊन साप सोपवणारा आणि छाप्यात सापडलेला यांच्याकडे पाहण्याची नजर एक नसते.

तोवर त्या खोलीला बाहेरून कुलूप लावा आणि दाराखालची फट कापडाने घट्ट बुजवा. मुलीचे अंथरूण माडीपासून दूर हलवा. तुम्ही स्वतः बरणी उचलू नका, उघडू नका, आणि रागाच्या भरात साप बाहेर सोडायला किंवा मारायला तर मुळीच जाऊ नका. जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात प्रतिसर्पविष आणि कृत्रिम श्वासाची सोय आहे, हे आजच विचारून ठेवा. चावा झालाच, तर माणसाला शांत निजवून चावलेला अवयव फळी बांधून स्थिर ठेवा. अंगठी, बांगड्या काढा आणि 108 ला फोन करा. आवळपट्टी बांधणे, ब्लेडने कापणे, तोंडाने विष ओढणे, मांत्रिकाकडे जाणे यांत जाणारा वेळ परत मिळत नाही. नागाच्या विषाने पापण्या जड होऊन मिटू लागतात आणि पुढे श्वास थांबतो. घोणशीच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. "आधी काही झाले नव्हते, थोडे थांबू" असे यजमान म्हणाले, तर ऐकू नका.

हे उत्तर वाचणाऱ्यांत शहरातली काही मंडळीही असतील. आपल्या घरचा अजगर आफ्रिकेतला, इग्वाना अमेरिकेतला, म्हणून आपल्याला हे लागू नाही, असे त्यांना वाटेल. परदेशी जातींपैकी वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या (सायटिस) सूचीत असलेल्या प्राण्यांची नोंदणी आता 2024 च्या नियमांनुसार परिवेश या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. "कागद नंतर देतो" म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून प्राणी घेऊ नये. 1 जून 2025 रोजी मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात 40 हून अधिक विषारी साप सापडले. त्यांत कोळ्यासारखी शेपटी असलेले इराणकडचे शिंगी घोणसही होते. आपल्याकडचे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांविरुद्ध बनते. परदेशी विषारी साप चावला, तर इथल्या डॉक्टरांच्या हातात त्यावरचे औषधच नसते. आणि बिनविषारी प्राणी घेतला तरी अजगर वीस वर्षांहून अधिक जगतो आणि इग्वानाला पुरेशी अतिनील किरणे आणि कॅल्शियम मिळाले नाही तर त्याची हाडे मऊ पडून वाकतात, हे विकत घेण्याआधी कोणी सांगत नाही.

तुमचे यजमान तुम्हाला छंद मोडणारी म्हणतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडे आणखी. भातलावणीच्या दिवसांत शेतावर गमबूट घालावेत, रात्री पायवाटेने विजेरी घेऊन चालावे आणि जमिनीवर झोपायचेच असेल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचून झोपावे, कारण मण्यार रात्री चावते आणि तिचा चावा कित्येकदा झोपलेल्याला कळतही नाही. हे सांगायला गावात ज्याच्या शब्दाला वजन आहे असा माणूस लागतो, आणि तो तुमच्या घरात आहे. त्यासाठी जिवंत साप हातात धरावा लागत नाही, चांगले छायाचित्र पुरते. कुठला साप कोणत्या महिन्यात, कोणत्या घरात, कोणत्या कोपऱ्यात निघाला याची वही त्यांनी ठेवली, तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनाही ती उपयोगी पडेल.

बोलूनही काही झाले नाही, तर त्यांना मुदत द्या आणि ती दिवसांत मोजा, महिन्यांत नको. त्यांच्या धाकट्या भावाचा तुम्ही पत्रात उल्लेख केला आहे. यजमान त्यांचे ऐकतात, असेही लिहिले आहे, तेव्हा त्यांना मध्ये घ्या. मुदत टळली आणि बरण्या माडीवरच राहिल्या, तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. घरात एक नाग आणि एक घोणस आहे, नागाच्या तोंडाला जखम असण्याची शक्यता आहे, घरात तीन वर्षांचे मूल आहे आणि साप सोपवायचे आहेत, एवढेच सांगा. फोन करणार असल्याचे यजमानांना आधी सांगा. मात्र तसे सांगितल्यावर ते तुमच्या अंगावर धावून येतील असे वाटत असेल, तर सांगू नका. मुलीला घेऊन माहेरी जा आणि फोन तिथून करा.